कड्यावरच्या दोन रात्री

प्रिय मित्रा,

परवा रात्री अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या म्यूली पॉइंट नावाच्या कड्यावरून परत आलो. बुटांच्या शिवणीत तिथली लाल माती अजून तशीच आहे, ती झटकायच्या आधी तुला लिहायला बसलोय. कोकणकड्यावर मी पालथा पडून खाली बघत होतो आणि तू माझे पाय धरून ठेवले होतेस, आठवतं? तिथे पोचल्यापासून तीच दुपार डोळ्यांसमोर होती.

फिनिक्सहून निघालो, केयेंटाला पेट्रोल आणि पाण्याचे कॅन भरून घेतले. वर नळ नाही, झरा नाही, दुकान नाही. माणशी दिवसाला 4 लिटर पाणी हा इथला हिशोब. आम्ही दोघं होतो, तरी 30 लिटर घेतलं. पाण्याने भांडी घासणं परवडणार नव्हतं, म्हणून हिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. मेक्सिकन हॅट नावाचं चिमुकलं गाव मागे पडलं की सीडर मेसा या पठाराचा कडा भिंतीसारखा आडवा येतो आणि रस्ता सरळ त्याच्या अंगावर चढतो. या घाटाला मोकी डगवे म्हणतात. युरेनियमचं खनिज ट्रकमधून खाली आणायला एका खाण कंपनीने 1958 मध्ये तो खोदला. हजार फुटांहून जास्त चढ, सगळी खडी, एका बाजूला नुसती हवा. ही गाडी चालवत होती. भर पावसात वरंध घाट उतरलेली बाई, पण वर पोचेपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

घाटमाथ्यावर डावीकडे कच्चा रस्ता फुटतो. पाऊस झाला की त्याचा नुसता चिखल होतो, म्हणून आठवडाभर हवामान बघूनच निघालो होतो. काही किलोमीटर गेलं की जमीनच संपते.

तिथे पाटी नाही, नंबर नाही, बुकिंग नाही. याला इथे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. सरकारी मोकळ्या जमिनीवर, आधी कुणी उतरलेल्या जागीच आपला तंबू टाकायचा. पैसे पडत नाहीत, सहसा 14 दिवसांपर्यंत राहता येतं. संडासही नाही. शौचासाठी खास पिशव्या मिळतात, आत घट्ट करणारी भुकटी असते. वापरायची, बांधायची आणि गाडीतून परत आणायची. ऐकायला कसंतरी वाटेल, पण मला ते मनापासून पटलं. कोकणकड्यावरची ती रविवारची सकाळ, मॅगीची पाकिटं आणि प्लास्टिकच्या बाटल्या, मी अजून विसरलो नाहीये.

आणि तरीही माझ्याकडून एक चूक झालीच. तंबू खडकावरच टाकला होता. खुंट्या रुतेनात, म्हणून दोऱ्या बांधायला दगड हवे होते. ते आणायला जुनिपरच्या एका झुडपामागे गेलो. जमीन काळपट, खडबडीत, जळकी वाटावी अशी. पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज झाला तेव्हा थबकलो. ती जिवंत माती होती रे! सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि आपण गोडा मसाल्यात घालतो त्या दगडफुलाचे भाऊबंद, सगळे मिळून वाळूचा कण न् कण बांधून ठेवतात. म्हणून ती वाऱ्याने उडत नाही, पाणी धरते, झाडांना नायट्रोजन देते. तिला पुन्हा धरायला कित्येक दशकं लागतात. मागे वळून मोजली, माझी सहा पावलं उमटली होती. टाचेची नक्षीसुद्धा दिसत होती. त्याच पावलांवर पाय ठेवत मागे आलो.

जवळच खडकात खळगे होते. निघोजचे रांजणखळगे कुकडीने गोटे फिरवून कोरलेत, हे पावसाचं पाणी साचून साचून झालेले. इथेही जुलै ते सप्टेंबरच्या पावसाला मान्सूनच म्हणतात. एका खळग्यात ओंजळभर पाणी उरलं होतं. त्यात हात घालायचा नाही, अंगाला लावलेल्या क्रीमनेही आतले जीव मरतात. कोळंबीसारखे हे इवलेसे जीव, त्यांची अंडी कोरड्या गाळात वर्षानुवर्षं पावसाची वाट बघत पडून असतात. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून बघत राहिलो.

संध्याकाळी कड्यावर पालथा पडलो. या वेळी पाय हिने धरले. खाली सॅन वान नदी. जवळच्या गूसनेक्स नावाच्या वळणांपाशी ती 10 किलोमीटर वळसे घेते आणि सरळ रेषेत जेमतेम अडीच किलोमीटर पुढे सरकते. सपाट जमिनीवर रेंगाळणारी नदी होती ती. जमीन वर उचलली गेली, तरी नदीने आपलं वळण सोडलं नाही, जागच्या जागी खाली कापत गेली. पलीकडे नवाहो लोकांच्या मुलखात मॉन्युमेंट व्हॅलीचे सुळके निळे होत होत विझले.

वारा पडल्यावरची शांतता कशी सांगू? घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. उत्तरेला याच पठारावर नॅचरल ब्रिजेस नावाचं संरक्षित क्षेत्र आहे, 2007 मध्ये जगातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, ठरलेलं. त्यावरून तू अंधाराची कल्पना कर. अमावास्या जवळ होती. कृत्तिका आल्या, रोहिणी आली, अकराच्या पुढे मृग कड्यामागून वर आला. आकाशगंगा तर पार दुसऱ्या टोकापर्यंत. तू शिकवलेली नक्षत्रं मी हिला दाखवत होतो.

पुढच्या ऑक्टोबरची रजा आत्ताच टाक. रात्री पारा शून्याजवळ जातो, पण जाड स्लीपिंग बॅग माझ्याकडे आहे. तू फक्त काकूंच्या हातची भाजणी आण. माझी ती सहा पावलं तेव्हाही तिथेच असतील. लांबूनच दाखवीन तुला.

तुझाच,
मी