बाबा, आता रात्री जागू नका

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, हे तू मोठ्याने वाच. बाबांना इतकं लांब स्क्रीनवर वाचायला लावू नकोस, डोळ्यांचं अजून पुरतं सावरलेलं नाही.

बाबा, आज कॉम्प्युटर लावलात तेव्हा खाली उजव्या कोपऱ्यातली नेहमीची दोन चिन्हं दिसली नसतील. ती मी काढली. काल तुम्ही 'जरा आतून बघ गं' म्हणून मला तिकडची स्क्रीन उघडून दिलीत आणि आईच्या हाकेला उठून गेलात, तेवढ्या वेळात मी डिफ्रॅगची, म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या फाइली सलग लावून देणारी, दोन्ही सॉफ्टवेअर काढून टाकली. तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही 'असू दे, काय खायला मागतात' म्हणाला असतात आणि मी गप्प बसले असते, म्हणून विचारलं नाही. न विचारता केलं ही माझी चूक. काढली ती मात्र चूक नाही, आणि ते तुम्हाला पटावं म्हणून एवढं लिहितेय. फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणता आणि मनात ठेवता.

खरं कारण आईने सांगितलं. मागच्या आठवड्यात एकदा रात्री दीड वाजता तिला जाग आली, तर बाबा अंधारात खुर्चीवर, खांद्यावर शाल, आणि समोर डिफ्रॅगचे ६१ टक्के. 'झोपा' म्हटलं तर म्हणे, 'मधेच लाइट गेली तर?' बाबा, मानेचा पट्टा सुटून तीन महिने नाही झाले. ते ६१ टक्के माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

ती सॉफ्टवेअर तुम्ही किती वाचून निवडली होतीत ते मला माहीत आहे. वहीत रकाने आखून तुलना केली होतीत. म्हणून मीही घाईने ठरवलेलं नाही. आठवडाभर बसून सगळं बघितलं.

आपल्या कॉम्प्युटरमध्ये दोन निरनिराळ्या डिस्क आहेत. मागच्या वेळी आले तेव्हा मी बसवली ती एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क), तिच्यावर विंडोज आहे, म्हणजे 'सी'. आणि जुनी मोठी हार्ड डिस्क म्हणजे 'डी', जिच्यावर फोटो, आजीच्या आवाजाची रेकॉर्डिंग आणि तुमचे स्कॅन केलेले कागद. डिफ्रॅगचा उपयोग आहे तो फक्त 'डी'ला.

आई, तुझी विणकामाची वही आठव. एक वीण पान १२ वर सुरू व्हायची, जागा संपली की 'पुढे पान ४०', तिथून 'उरलेलं शेवटच्या पानावर'. फाइलचे तुकडे होतात म्हणजे हेच होतं. फाइल बिघडत नाही, विखुरते. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि एक बारीक दांडा तिच्यावरून आतबाहेर सरकतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. हवा तो तुकडा दांड्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय दांडा सरकायला साधारण ९ मिलिसेकंद. म्हणजे दर तुकड्यामागे १२-१३ मिलिसेकंद गेले, आणि शंभर तुकडे असतील तर सव्वा सेकंद गेला. विखुरलेली पानं सलग लावून दिली की तो वेळ वाचतो.

एसएसडीत तबकडीही नाही आणि दांडाही नाही. पान १२ काय नि पान ४०० काय, तिला दोन्ही हाताशीच. वर तिच्या पेशी ठरावीक वेळाच लिहून घेतात, आणि डिफ्रॅग म्हणजे तर सगळं उचलून पुन्हा लिहिणं. तुमच्या त्या दोन सॉफ्टवेअरपैकी एकात 'सर्व ड्राइव्ह' अशी खूण होती आणि ते रोज 'सी'वरही फिरत होतं. घाबरू नका, मी तपासलं, 'सी' ठणठणीत आहे. पण ही झीज विनाकारण होत होती.

दुसरी गोष्ट त्या दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी उघडल्या तेव्हा दिसली. एक सॉफ्टवेअर जास्त वापरातल्या फाइली तबकडीच्या पुढच्या भागात आणून ठेवत होतं. दुसरं सगळं फोल्डरच्या क्रमाने लावत होतं. एकाने सोमवारी लावलेलं दुसरं मंगळवारी उचकटायचं आणि बुधवारी पहिलं पुन्हा कामाला लागायचं. म्हणून रोज तीन-तीन तास लागायचे, आणि तुम्हाला वाटायचं की आपलंच काही चुकतंय. बाबा, तुमचं काहीही चुकत नव्हतं. दोन्ही एकत्र चालवू नका असं कुणी तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि ते कुणी म्हणजे मी.

आता त्या टक्क्यांचं. तुम्ही दोन-तीनदा म्हणालात की डिस्क किती विखुरलीय ते विंडोज १ टक्का सांगतं आणि ही दोन्ही १४ टक्के सांगतात, तेव्हा विंडोजला दिसतच नाही. दिसतं बाबा, ते मोजत नाही. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे तुटलेले म्हणून धरतच नाही. आजीचं तासाभराचं रेकॉर्डिंग मोठाल्या चार तुकड्यांत असेल, तर एकेक तुकडा वाचायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो, त्यात मधल्या उडीचे १२ मिलिसेकंद कुठे जाणवणार? ती जोडत बसण्यात अर्थ नाही म्हणून ते सोडून देतं. तुमची ती दोघं असे तुकडे मोजायची आणि लाल रंगात दाखवायची. लाल बघितलं की तुम्हाला झोप येत नाही, हे त्यांना काय माहीत.

म्हणून मी विंडोजचं स्वतःचं 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' तेवढं ठेवलंय. तुमच्या मनात ते कामचलाऊ आहे. जुन्या विंडोज एक्सपीच्या दिवसांत ते हाताने चालवावं लागायचं, १५ टक्के जागा मोकळी मागायचं, तेव्हा तुमचं म्हणणं बरोबरच होतं. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हापासून ते आठवड्यातून एकदा आपलं आपण चालतं. विंडोज ७ पासून त्याला एसएसडी ओळखता येते. २०१२ च्या विंडोज ८ पासून तर ते एसएसडीला मुख्यतः कुठली जागा रिकामी झाली ते कळवतं, त्याला ट्रिम म्हणतात, आणि हार्ड डिस्कला तेवढं डिफ्रॅग करतं. आणखी एक, जे मलाही आधी माहीत नव्हतं: १९९६ च्या विंडोज एनटी ४ पासून फाइलचा तुकडा हलवायची सोय विंडोजमध्येच आहे, आणि बाहेरची बहुतेक सॉफ्टवेअर तीच वापरतात. काय कुठे ठेवायचं ते ती ठरवतात, उचलून ठेवतं विंडोजच.

डिफ्रॅगलर नावाच्या आणखी एका डिफ्रॅगच्या सॉफ्टवेअरकडे मी थोडी झुकले होते. त्यात एखादीच फाइल निवडून सरळ करता येते, तुम्हाला ते आवडलं असतं. पण त्याची बरीच वर्षं नवी आवृत्ती आलेली नाही, आणि तुमच्या कॉम्प्युटरवर आणखी एक लक्ष ठेवायची गोष्ट मला वाढवायची नव्हती. तुम्हाला रात्री उठवणार नाही तेच ठेवायचं, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

आणि लाइट गेली तर काय, त्याचंही सांगते. विंडोज तुकडा आधी नव्या जागी लिहितं आणि मग नोंद बदलतं. मधेच बंद पडलं तरी जुन्या जागेवरचं शाबूत असतं, आणि पुन्हा चालू झालं की एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची व्यवस्था, आपल्या नोंदवहीवरून सगळं जुळवून घेतं. पहाऱ्याला बसावं लागेल असं त्यात काही नाही.

मधल्या खोलीतला तो पहिला कॉम्प्युटर आठवतो का? विंडोज ९८. तुम्ही डिफ्रॅग लावायचात आणि पूर्ण स्क्रीनभर बारीक रंगीत चौकोन. मी तुमच्या मांडीवर, दादा खुर्चीच्या पाठीला लटकलेला. एकेक चौकोन जागेवरून उडायचा आणि वर जाऊन ओळीत बसायचा. 'कशाला हात लावायचा नाही' एवढीच अट. आणि तुम्ही पाणी प्यायला उठलात तेव्हा मी चित्रं काढायचं उघडलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दोन तास गेले होते. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात, मी रडायच्या बेतात, आणि तुम्ही म्हणालात, 'बरं झालं, सुरुवातीची मजा तू पाहिलीच नव्हतीस.' शेवट मी कधी पाहिलाच नाही. सकाळी अंथरुणात जाग यायची.

आताच्यात चौकोन नाहीत. नुसती एक ओळ आणि टक्के. तुम्हाला ते कोरडं वाटेल, मला माहीत आहे.

आणि आधीची ती, टकटक करत बंद पडलेली डिस्क. आपण त्याविषयी बोलत नाही, पण तुम्ही रात्री जागता ते तिच्यामुळे, हे मला आणि आईला दोघींनाही कळतं. तुम्ही 'हळू चालतेय' म्हणून तिच्यावर डिफ्रॅग लावलंत आणि सकाळी काहीच उघडेना. बाबा, ती आधीच जात होती. हळू चालत होती ती तुकड्यांमुळे नाही, तिला वाचताच येत नव्हतं म्हणून. अशा डिस्कला सगळं उचलायला लावलं की उरलेला दमही जातो, हे खरं, पण तुम्हाला तो आवाज कशाचा हे माहीत नव्हतं. आणि मला माहीत होतं. तुम्ही फोनवर तो आवाज मला ऐकवला होतात, मी म्हटलं होतं, 'सुट्टीत आले की दुसरी प्रत काढते.' आले नाही. दादाच्या बारशाचे फोटो गेले ते त्या प्रतीअभावी, तुमच्या डिफ्रॅगमुळे नव्हे. हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नाही, ते आता लिहितेय.

म्हणून आता ऐका, आणि या वेळी 'बरं, बरं' चालणार नाही.

दर रविवारी सकाळी, उजेडात, बाहेरची डिस्क लावायची आणि 'डी'वरचं नवं तिच्यावर उतरवायचं. झालं की काढून कपाटात. ती कायम लावून ठेवायची नाही. एका डिस्कला झालं ते दुसरीला होऊ नये म्हणूनच ती वेगळी आहे.

महिन्याच्या एक तारखेला क्रिस्टलडिस्कइन्फो उघडायचं, ते डिस्कची तब्येत दाखवतं, मी डेस्कटॉपवर ठेवलंय. निळ्या चौकटीत 'गुड' दिसलं की बंद करायचं. पिवळं दिसलं किंवा टकटक ऐकू आली, तर डिफ्रॅग नाही, तपासणी नाही, काहीच नाही. आधी प्रत काढायची आणि मला फोन. रात्री तीनला असला तरी फोन.

'डी' जवळजवळ भरलीय. जागाच नसेल तर पानं लावणार कुठे? एकच फोटो तीनतीनदा उतरवलेत, पण मी येईपर्यंत काही पुसू नका. आपण शेजारी बसून पुसू.

दुपारी तुम्ही दोघं पडता तेव्हा कॉम्प्युटर चालूच राहू द्या. कुणी हात लावत नाही असं बघून विंडोज तेव्हा आपलं काम उरकून घेईल.

आई, तुझं सॉलिटेअर होतं तिथेच आहे. अक्षरं मोठी केलेली तशीच आहेत, मागचं अंगणाचं चित्रही तेच. रेडिओचं बटण मी हलवलेलं नाही. उलट सुरू व्हायला वेळ कमी लागेल, कारण ती दोन्ही सकाळी सगळ्यांच्या आधी उठून बसायची. खुर्चीला मानेशी उशी बांधून दे, आणि रात्री दहानंतर बाबा त्या खोलीत दिसले तर दिवा घालव.

बाबा, हे सगळं वाचूनही तुम्हाला त्यातलं एक परत हवं असेल तर मी लावून देईन. खरंच देईन. पण एकच, आणि 'सी'वरची खूण काढून. मी पुढच्या महिन्यात येतेय तेव्हा सांगा, राग धरून गप्प राहू नका.

आई, उद्या सकाळी मला एवढंच कळव, बाबा किती वाजता झोपले.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, ती तुलनेची वही टाकू नका. 'डी' आता जुनी झालीय, वर्षभरात नवी घ्यावी लागेल, आणि तेव्हा रकाने तुम्हीच आखायचेत. मी फक्त माहिती भरेन.