लुईस बेटावरच्या आमच्या एनर्जी ॲडव्हायझर ताईंना मनापासून थँक्यू

प्रिय ताई,

इंग्रजीत तुम्हाला थँक्यू म्हणून झालंय, पण ते दारात उभ्याउभ्या, तुम्हाला पुढच्या घरी जायची घाई असताना. माझं काही समाधान झालं नाही. म्हणून आता मराठीत आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आधीच यूकेत असलेलं, माझ्यासारखं केअर वर्कर म्हणून ह्या बेटावर यायचा विचार करणारं कोणी असेल तर त्यांनाही कळू दे की पगार बरा असूनही बेटावर महिनाअखेर हात रिकामा का राहतो, आणि अशा वेळी बिलं, मीटर, हीटिंग ह्यातून वाट दाखवणारं तुमच्यासारखं माणूस असणं म्हणजे काय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लुईस हे स्कॉटलंडच्या वायव्येला औटर हेब्रिडीजमधलं बेट. मुख्य भूमीवरच्या उल्लापूलहून बेटावरच्या स्टॉर्नोवेला फेरीने साधारण पावणेतीन तास, तेही वारं जाऊ देईल तेव्हा. खाण्यापिण्याचं बहुतेक सामान ट्रकमधून ह्याच फेरीने येतं. २००८ पासून माणसांचं आणि गाड्यांचं फेरीचं भाडं रस्त्याच्या अंतराच्या हिशोबाने लावतात त्यामुळे आम्हाला खूप फरक पडतो, पण मोठ्या ट्रकची ती सवलत २०१२ मध्ये काढली आणि मालाचं भाडं शेवटी आमच्याच पिशवीत येतं. ऑनलाइन काही मागवावं तर पोस्टकोड टाकल्यावर डिलिव्हरी चार्ज वाढतो, नाहीतर सरळ "तुमच्या भागात पाठवत नाही". स्कॉटिश सरकारच्या २०२१ च्या अभ्यासात आलंय की दुर्गम ग्रामीण भागात आणि बेटांवर साधं, नीटनेटकं जगायलाही शहरापेक्षा १५ ते ३० टक्के जास्त लागतात. मला हे आधी कळलं असतं तर नोकरीच्या ऑफरमधला आकडा मी वेगळ्या नजरेने बघितला असता.

पण खरा मार घर गरम ठेवण्याचा आहे, आणि तो तुमच्याइतका कोणालाच समजलेला नाही असं माझं ठाम मत आहे. मुख्य भूमीवरची गॅसची पाइपलाइन इकडे येत नाही, म्हणजे बहुतेक घरांना एकतर तेल, नाहीतर वीज, नाहीतर पीट (दलदलीतली वाळवून जाळायची माती) किंवा कोळसा. वीज युनिटमागे गॅसच्या साधारण चौपट. तेलाला ऑफजेमची (वीज-गॅस कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) प्राइस कॅप, म्हणजे दरावरची मर्यादा, लागूच नाही, शिवाय तेल सहसा एकदम ५०० लिटर घ्यावं लागतं, म्हणजे एका दिवसात तेवढे पैसे हातात पाहिजेत, ते नसतील तर टाकी रिकामी. आणि कॅप म्हणजे बिलाची मर्यादा नाही, फक्त युनिटच्या दराची आणि स्टँडिंग चार्जची (वीज वापरा न वापरा, रोज लागणारा ठरावीक आकार), हे तुम्ही मला माझंच बिल पुढ्यात ठेवून, एकेका ओळीवर बोट ठेवून दाखवलंत. तोपर्यंत टीव्हीवर कॅपचा आकडा ऐकून मला वाटायचं त्याच्यावर बिल जाणारच नाही.

मी कामाला ज्या घरांमध्ये जाते तिथे दिसतं ते लोकांना बाहेरून दिसत नाही. घर स्वतःचं, दारात गाडी (गाडीशिवाय इथे चालतच नाही), थोडी जमीन, चार मेंढ्या. कोण म्हणेल गरीब? आणि आत एकच खोली गरम, बाकी घर बंद, खिडकीच्या कडेला काळी बुरशी, माणूस कोट घालून खुर्चीत. स्कॉटलंडच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे, घरभाडं वगैरे जाऊन उरलेल्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घर पुरेसं गरम ठेवायला लागणार असतील आणि ते देऊन नीट जगण्याइतकं उरत नसेल तर ती फ्युएल पॉव्हर्टी. लागणार असतील, बरं का, खर्च केलेले नव्हेत. हा फरक तुम्ही सांगितलात आणि मला एकदम त्या खुर्चीतल्या माणसाचं बिल कमी का येतं ते कळलं. तो हीटर लावतच नाही.

सरकारची जुनी थंडीची मदतही तशीच होती, खरी गरज न बघणारी. सलग ७ दिवस सरासरी तापमान शून्य किंवा खाली गेलं तर २५ पौंड. आता लुईसवर समुद्रामुळे पारा तेवढा उतरतच नाही सहसा, पण वारा आणि पाऊस असा की भिंतीतून ऊब ओढून नेतो. म्हणजे सगळ्यात जास्त हीटर लागणाऱ्यांना तापमापकाने कायम बाहेर ठेवलं. २०२२-२३ च्या हिवाळ्यापासून स्कॉटलंडने ती अट काढली आणि पात्र असणाऱ्यांना थंडी किती पडली ते न बघता पैसे द्यायला सुरुवात केली, पहिल्या वर्षी ५० पौंड. रक्कम मोठी नाही. तरी बेटावरची थंडी कोणीतरी थंडी म्हणून मोजली ह्याचं मला फार वाटतं.

शेजारच्या आजींबद्दल त्यांना विचारूनच लिहितेय. त्यांचा मीटर जुना, रेडिओ टेलिस्विचवाला, ज्याला लाँग वेव्हच्या सिग्नलने कधी स्वस्त वीज चालू करायची ते कळायचं. ते सिग्नल बंद होणार म्हणून पत्रं आली, आजींनी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. वीज कंपनीला मी फोन केला तर दर वेळी नवीन माणूस, आणि नवीन माणसाला बेट म्हणजे काय तेच पहिल्यापासून सांगायचं. तुम्ही आलात, मीटरला हातही लावला नाहीत आधी, आजींशी गेलिकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या भाषेत, बोलत बसलात. मला एक शब्द कळत नव्हता पण आजी हसत होत्या. मग हळूच ड्रॉवर उघडला गेला. मीटर बदलायची तारीख तुम्ही घेतलीत, त्या दिवशी स्वतः हजर राहिलात, कारण स्टोरेज हीटर (स्वस्त विजेच्या वेळेत ऊब साठवून ठेवणारे) चुकीच्या वेळेला जोडले तर बिल दुप्पट व्हायला वेळ लागत नाही. आणि निघता निघता विचारलंत, पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी सरकारी मदत) घेता का? आजी म्हणाल्या ते गरजू लोकांसाठी असतं. तुम्ही भाषण दिलं नाहीत, एवढंच सांगितलंत की ते तुमच्या हक्काचं आहे, ३ महिने मागचंही मिळू शकतं आणि हिवाळ्याची ती मदतही त्याच्यावरूनच मिळते. फॉर्म फोनवरून भरला, आजींच्या शेजारी बसून.

माझ्या बाबतीत तुम्ही जे केलंत ते ह्याच्या उलट, आणि त्याचे आभार जास्त. माझ्या व्हिसावर पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी भत्ते, घ्यायला मनाई आहे. कळकळीने कोणी एखादा बेनिफिटचा फॉर्म भरायला लावला असता तर व्हिसाच धोक्यात आला असता. तुम्ही पहिल्यांदा व्हिसा विचारलात, मग मला जे चालतं तेवढंच केलंत: टॅरिफ तपासला, रीडिंग पाठवायला शिकवलंत, घरमालकाला इन्सुलेशनबद्दल काय लिहायचं ते सांगितलंत. मालकाने पोटमाळ्यावर काम करून घेतलंय, खोली आता सकाळपर्यंत ऊब धरते.

एक मागणं आहे, ते तुमच्या वरच्यांकडे. तुमचं पद दर वर्षी फंडिंग येईल की नाही ह्याच्यावर लटकतं हे ऐकून मला राग आला. ड्रॉवर उघडायला लागणारा विश्वास वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बसत नाही. मी कौन्सिलला तसं लिहिलंय, आजींनीही सही केली आहे.

आणि हो, आमच्याकडे नवीन मुलगी जॉइन होतेय, साताऱ्याची आहे, तिने घेतलेल्या घरात तेलाची टाकी आहे. तिला मी तुमच्याकडे घेऊन येते, मागची बिलं घरमालकाकडून मागून ठेवायला सांगितलंय.

तुमची,
रात्रपाळीवाली शेजारीण