पम्या, ९०९ डॉलरची खरी गोष्ट

एडिसन, न्यू जर्सी
२९ जून २०२५

प्रिय पम्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा मीनल शेजारी होती म्हणून आवाज कमी केला, आणि तिसऱ्यांदा ऐकताना जरा लाजच वाटली, म्हणून म्हटलं फोन नको, निवांत लिहूनच काढू. पालखी या आठवड्यात तुमच्याकडून गेली असेल, काकूंनी नेहमीप्रमाणे वारकऱ्यांच्या चहाचं पातेलं चुलीवरून उतरवलं नसेल, त्या गडबडीतनं मोकळा झालास की वाच.

तू म्हणतोस, संज्या एका रात्रीत ९०९ डॉलर छापलेस, पार्टी दे, आणि पुढच्या सिझनला माझे पन्नास हजार पण तुझ्या त्या बास्केटबॉलच्या बेटिंग ॲपवर लाव. बाबा, पन्नास हजार लावणार नाही हे आत्ताच सांगतो. दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यातनं लावणं इथे चालत नाही, खातं उडवतात, पण ते कारण दुय्यम आहे. खरं कारण असं की मी तुला ९०९ आल्याचं सांगितलं आणि त्याआधी १३४० गेले होते ते सांगितलंच नाही. घाल गणित. ४३१ डॉलरचा खड्डा आहे आणि मी ग्रुपवर बादशहासारखा फोटो टाकला.

सुरुवात निक्सपासून झाली, म्हंजे एनबीए या इथल्या बास्केटबॉल लीगमधली न्यूयॉर्कची टीम. तुला माहितीये आमच्याकडे मे महिन्यात काय वातावरण होतं, ऑफिसला जाताना गाडीत निम्मी माणसं निळ्या-केशरी टीशर्टात. २१ मेला ईस्ट गटाच्या फायनलची पहिली मॅच, न्यूयॉर्क विरुद्ध इंडियाना पेसर्स, मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर. मी आधीच निक्सवर दोनशे लावले होते, जिंकले तर तीनशेपाच-दहा हातात. शेवटची तीनेक मिनिटं राहिली तेव्हा निक्स १४ ने पुढे. आणि ॲपवर कॅशआउटचं बटण येतं ना, म्हंजे मॅच संपायच्या आधी थोडे कमी घेऊन सुटायचं, तिथे २९६ दिसत होते. मी काय केलं असेल? नऊ-दहा डॉलरसाठी थांबलो रे. नऊ-दहा डॉलर! इथे तेवढ्यात धड जेवण पण येत नाही.

मग इंडियानाचा तो नेस्मिथ एकामागून एक तीन-तीन पॉइंटचे मारत सुटला, आणि शेवटच्या क्षणी त्यांच्याच हॅलिबर्टनने मारलेला बॉल रिंगच्या मागच्या कडेला लागून सरळ वर उडाला, इतका वर की मला वाटलं आता हा खाली येतच नाही, आणि आला तो बरोब्बर आत. गड्याला वाटलं तीनचा झाला, आपण जिंकलो, त्याने स्वतःचा गळा धरून दाखवला, इंडियानाच्याच रेजी मिलरने १९९४ ला याच गार्डनमध्ये केलेली ती खूण. मिलर कॉमेंटरीला तिथेच बसलेला! नंतर कळलं पायाचं बोट रेषेवर होतं, म्हणून दोनच पॉइंट, १२५-१२५ बरोबरी. पण ओव्हरटाइममध्ये इंडियाना १३८-१३५ ने जिंकलंच. गार्डनमध्ये एवढी माणसं असून स्मशान.

त्या रात्री हॅलिबर्टन माझा शत्रू झाला. निक्सचा म्हणून नाही, माझ्या दोनशेचा म्हणून. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, लिहिताना कळतंय.

निक्सना हरवून इंडियाना लीगच्या फायनलला, समोर ओक्लाहोमा सिटी थंडर. सिझनभरात ६८ जिंकलेल्या, १४ हरलेल्या. सिरीजचा भाव असा की सातशेच्या आसपास लावावेत तेव्हा शंभर सुटणार. मी सिरीजवर नाही लावले, मॅच-मॅचवर लावत गेलो. पहिली मॅच ५ जूनला, थंडर चौथ्या क्वार्टरमध्ये १५ ने पुढे, मी सोफ्यावर पाय पसरून. हॅलिबर्टनने ०.३ सेकंद राहिलेलं असताना मारला, १११-११०. अख्ख्या मॅचमध्ये इंडियाना पुढे होती ती तेवढीच, ०.३ सेकंद. यार, शिंक यायला पण जास्त वेळ लागतो. माझे तीनशे गेले. दुसऱ्या मॅचला घाबरून लावलेच नाहीत तर थंडर १६ ने जिंकले. तिसऱ्याला लावले, गेले. पाचव्याला थोडे आले, सहाव्याला ते आलेले आणि वरचे सगळे गेले. तुला सगळा हिशोब नाही देत, माझ्याकडे एका वहीच्या मागच्या पानावर आहे, आपण शाळेत भेळीचा ठेवायचो तसाच.

आठवतंय ना, शाळेमागचं सिमेंटचं कोर्ट, रिंगला जाळी नाही, त्यामुळे बॉल आतनं गेला की बाहेरनं यावर निम्मा वेळ भांडण. दहा फ्री थ्रो, ज्याचे कमी त्याने भेळ द्यायची. तिथे पण सट्टाच होता म्हणा. पण हरलो तर तुझ्याकडे हरलो, भेळवाल्याचा त्यात कट नव्हता.

इथे कट आहे आणि तो इतका साधा आहे की कुणाला दिसत नाही. बघ. बहुतेक बेटचा भाव असतो ‘उणे ११०’. म्हंजे शंभर जिंकायचे असतील तर एकशेदहा लावायचे. समज तू एका बाजूला ११० लावलेस, मी दुसऱ्या बाजूला ११०. गल्ल्यात २२० आले. जो जिंकला त्याला २१० परत, आणि दहा बसले ॲपवाल्याच्या खिशात, तो ना खेळला ना हरला. म्हणून शंभरातल्या पन्नास बरोबर आल्या तरी तू खड्ड्यातच, ५२-५३ बरोबर यायला लागतात तेव्हा कुठे फिटंफाट. आणि कायम ५३ बरोबर आणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही, ५३ सांगणारे मात्र ऑफिसात डझनभर आहेत.

त्यावर ‘पार्ले’. पार्ले-जीशी काही संबंध नाही बाबा. चार बेट एकत्र गुंफायच्या, चारही बरोबर आल्या तरच पैसे. चारही अर्ध्या-अर्ध्या चान्सच्या धरल्या तर सोळात एकदा लागणार, म्हणजे शंभरावर न्यायाने पंधराशे सुटायला हवेत, सुटतात सव्वाबाराशेच्या आसपास. बाकीचे? चार ठिकाणी कट बसतो ना. ॲप उघडलं की सगळ्यात वर, सगळ्यात रंगीत हेच असतं, यावरून काय ते समज.

आणि ‘अमुक खेळाडू इतके पॉइंट करेल का’ अशा बेट असतात, त्यांना प्रॉप म्हणतात, ते तर आणखी वाईट प्रकरण. टोरांटोचा खेळाडू जॉन्टे पोर्टर, २०२४ च्या मार्चमध्ये तब्येतीचं कारण सांगून तीन मिनिटांत कोर्टवरनं बाहेर आला, आणि त्याचे आकडे कमी भरणार यावर कोणीतरी ८० हजार डॉलर लावलेले, सुटले असते अकरा लाख. एनबीएने त्याला आयुष्यभरासाठी काढलं. एक माणूस चारशे-पाचशे जणांच्या लीगमधला शेवटच्या बाकावरचा, त्याच्या तीन मिनिटांवर एवढे पैसे! त्याआधी २००७ ला डोनाघी नावाचा रेफरीच बेटिंगमध्ये सापडला होता, १५ महिन्यांची शिक्षा झाली त्याला. तेव्हा हे सगळं चोरून होतं. आता टीव्हीवर मॅचच्या मधोमध भाव सांगतात.

तू विचारलंस ना इथे लीगल कधीपासून. मोठी गंमत आहे. १९९२ ला कायदा आला की बहुतेक राज्यांनी खेळांवरच्या बेटिंगला परवानगी द्यायची नाही. तो कायदा पुढे रेटणारा सिनेटर बिल ब्रॅडली, स्वतः निक्सकडून खेळलेला आणि निवडून आलेला न्यू जर्सीतून. आणि तो कायदा सुप्रीम कोर्टात नेऊन पाडला कोणी, तर न्यू जर्सीनेच, मे २०१८ मध्ये. महिनाभरात मॉनमथ पार्कच्या रेसकोर्सवर गव्हर्नरसाहेबांनी स्वतः खिडकीवर उभं राहून पहिली बेट लावली. मग न्यूयॉर्कात मोबाइलवर चालू होईपर्यंत, म्हंजे २०२२ पर्यंत, तिकडची माणसं पूल ओलांडून आमच्या बाजूला यायची, फोनवर बेट लावून परत. काही जण सायकलवर!

मला त्यावरनं तुझे भाऊकाका आठवले. टपरीच्या मागे चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचे, ओपन काय, क्लोज काय, रात्री स्वप्नात साप आला तर कुठला, विहीर आली तर कुठला. तुला माहितीये का मटक्याचं मूळ कुठं आहे? इथे, न्यूयॉर्कात. कॉटन एक्स्चेंजचे कापसाचे उघडते-बंद भाव टेलिप्रिंटरवर मुंबईला जायचे आणि तिथे लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे, ओपन-क्लोज शब्द तिथलेच. १९६१ ला ते भाव बंद झाले तेव्हा मग कल्याणजी भगतने १९६२ ला आणि रतन खत्रीने १९६४ ला आपले आकडे काढायला सुरुवात केली, मडक्यातनं चिठ्ठ्या काढायच्या म्हणून मटका. म्हंजे बघ, तुझ्या काकांचा पगार ज्या आकड्यात जायचा त्याचा उगम मी रोज ट्रेनने जातो त्या गावात, आणि आम्ही दोघं मिळून काकांना अडाणी म्हणायचो. काकूंना हे नको सांगू.

हां, तर फायनलची सातवी, शेवटची मॅच. २२ जून, रविवार, तुमच्याकडे सोमवारी पहाटेचे साडेपाच. मी हजार लावले. एकदम. थंडरवर, ‘उणे साडेसात’ने, म्हंजे थंडर नुसतं जिंकून उपयोग नाही, आठने तरी जिंकायला हवं. हजाराला ९०९ सुटणार होते, गेलेलं बरंचसं भरून निघेल हा हिशोब. गेलेलं भरून काढायला जास्त लावायचं, हे भाऊकाका करायचे तेव्हा आपण हसायचो ना रे.

हॅलिबर्टनची पोटरी आधीच दुखावलेली होती, तरी आला. आणि आल्या आल्या तीन-तीनचे तीन मारले. माझ्या पोटात कळ. मीनल म्हणाली काय झालं, म्हटलं ॲसिडिटी. मग पहिल्या क्वार्टरातच, बॉल घेऊन निघाला आणि पाय मागे राहिल्यासारखा पडला. कोणी धक्का नाही, काही नाही. आणि पालथा पडून जमिनीवर हाताने मारत होता, नाही नाही म्हणत. टाचेमागची शीर तुटली होती. जे बास्केटबॉल खेळलेत त्यांना ते न सांगता कळतं, आपल्या पाटीलचं कॉलेजात झालं होतं तेव्हा आवाज आला होता, आठवतो का तुला?

पम्या, मी काय केलं सांगू? मी रिप्ले बघितला नाही. मी फोन बघितला. आकडा हलला का ते बघितलं. आणि हलला होता, थंडरच्या बाजूने, आणि मला छातीत असं मोकळं वाटलं, खरंच सांगतो, हायसं. त्याच वेळी ईशा, माझी पोरगी, दहा वर्षांची, ती तोंडावर हात धरून उभी होती, तिला थंडर कोण, पेसर्स कोण काही माहीत नाही, तिला फक्त एक माणूस रडताना दिसत होता. तिने विचारलं, बाबा त्याला दुखतंय का खूप. मी म्हटलं, हो, आणि अंगठ्याने स्क्रीन वर सरकवली.

हाफटाइमला तरी इंडियाना ४८-४७ पुढे, त्याच्याशिवाय! काय पोरं आहेत रे. मग तिसऱ्या क्वार्टरात थंडरने उचललं, चौथ्यात फरक २२ वर गेला, मग कमी व्हायला लागला तर मी प्रत्येक बास्केटला वजाबाकी करत बसलो, थंडरच्या शे गिल्जस-अलेक्झांडरने २९ पॉइंट केले, १२ असिस्ट दिले, मला त्यातला एक धड आठवत नाही. १०३-९१. बाराने. माझे आठ पुरे झाले. कॉन्फेटी पडत होती, ओक्लाहोमाला गेल्यापासूनचं त्यांचं पहिलं टायटल, आणि मी बाथरूममध्ये जाऊन ॲपचा स्क्रीनशॉट काढला. तोच तुला पाठवला.

दुसऱ्या दिवशी पैसे काढायचं बटण दाबलं. ‘प्रोसेसिंग’ येतंय. लावायला बोट टेकवायचा अवकाश असतो, काढायला मात्र तीन ते पाच दिवस, आणि तेवढ्या दिवसांत रोज एक नोटिफिकेशन, तुमच्यासाठी बोनस, तुमच्यासाठी खास भाव. काल तर कुठल्यातरी टेनिसवर होतं. मी आयुष्यात टेनिस पाहिलं नाही आणि पाच मिनिटं भाव वाचत बसलो होतो. खाली बारीक अक्षरात हेल्पलाइनचा नंबर असतो, १-८००-गॅम्बलर, तो मला आता पाठ आहे, लावला नाहीये अजून.

तू ड्रीम इलेव्हनवर महिन्याला किती घातलेस ते विचारत नाही, पण वहीत एकदा लिही. सगळं, आलेलं-गेलेलं दोन्ही. मला लिहिताना अंगावर आलं.

डिसेंबरात येतोय, २० ला मुंबई, मग थेट फलटण. ती रिंग आहे का अजून? मागच्या वेळी वहिनी म्हणाल्या शाळेने तिथे पार्किंग केलंय, मला खोटं वाटलं होतं.

आणि ऐक, मीनलला ९०९ चं पण माहीत नाही आणि १३४० चं पण नाही. शनिवारी सांगणार आहे, वही समोर ठेवूनच. त्याआधी तिचा फोन आला तर तू ‘पार्टी कधी’ असलं काही बोलू नकोस, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून आधीच लिहून ठेवतोय.

तुझा,
संज्या