थाळीफेक्याला पंचा का नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत निडॉसच्या अफ्रोदितीचा, म्हणजे ग्रीक प्रेमदेवतेच्या नग्न मूर्तीचा, फोटो आल्यापासून वाचकांच्या पत्रांत एकच सूर आहे: घरात लेकीसुना असतात, असलं छापू नका. मी त्या लेकीसुनांपैकीच एक. देवगडला शाळेत चित्रकला शिकवली, मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं.

हरकत माझीही आहे, पण तिच्या उघड्या अंगाला नाही. तिच्या उजव्या हाताला. फोटो पुन्हा काढून बघा. डाव्या हाताशी वस्त्र, खाली पाण्याचं भांडं आणि उजवा हात जांघेपुढे आडवा. न्हाताना कोणीतरी आलंय आणि बाई दचकलीय, असाच अर्थ आजवर लावत आलेत. प्राक्सितेलीस या ग्रीक शिल्पकाराने ही घडवली इ.स.पू. चौथ्या शतकात, मूळ मूर्ती गेली, उरल्या त्या रोमन नकला. त्याच्या कितीतरी आधीपासून ग्रीक लोक पुरुष नागडेच घडवत होते, पण हात कोणाचा आडवा येत नाही. मायरॉन या शिल्पकाराचा थाळीफेक्या, म्हणजे थाळी फेकणाऱ्या खेळाडूचा पुतळा, घ्या. अंगावर सूत नाही, पण लक्ष सगळं थाळीत. नॅनेट सॉलोमन या अभ्यासिकेने नेमकं या हातावर बोट ठेवलं. तो झाकतो कमी आणि बघणाऱ्याची नजर तिथेच नेतो जास्त. म्हणजे लाज तिची नव्हेच, घडवणाऱ्याने तिच्या अंगावर घातलेली.

आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत बायका लुगडं गुडघ्याच्या वर खोचून दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. बांधावरून जाणारा कोणी डोळे मिटून घेत नाही. तेच पाय कागदावर आले की मात्र संस्कृती बुडते!

गेल्या वर्षी तालुक्यातल्या एका प्रदर्शनात एका मुलाचा कोळशाने काढलेला थाळीफेक्या दाराशीच लावला होता. एका मुलीने काढलेली अफ्रोदिती उद्घाटनाआधी उतरवून कपाटात गेली. 'पालक काय म्हणतील?' तो अवघड हात पोरीने इतक्यांदा खोडून काढला होता की तिथे कागदाची लव निघाली होती. ती मेहनत कोणी बघितलीच नाही.

हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या संस्थापकांत 1768 साली अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन चित्रकर्त्री होत्या. पुढे झोफनी या चित्रकाराने सभासदांचं समूहचित्र काढलं. खोलीत नग्न पुरुष मॉडेल, मग बायका तिथे कशा दाखवायच्या? त्याने या दोघींच्या तसबिरी करून भिंतीवर टांगल्या. बाईने उघडी व्हायला चालतं, उघडं बघून चित्र काढायला चालत नाही!

यंदाच्या आयोजकांना एवढंच सांगणं, दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावा. नियमच करायचा असेल तर थाळीफेक्यालाही पंचा नेसवा. पंचा मी घरून आणते.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, देवगड