आठवीनंतर मुलांच्या ताटाचे काय?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या म्हापसा नगरपालिकेने 2024च्या सुरुवातीला गाड्यांवर गोबी मंचुरियन विकण्यास मनाई केली, तेव्हा कृत्रिम रंग आणि अस्वच्छता यांवर पुष्कळ चर्चा झाली. ती आवश्यकच होती. परंतु संध्याकाळी शिकवणीहून परतताना त्या गाड्यापाशी थांबणारा मुलगा तसाच घरी गेला असता, तर त्याला तिथे खायला काय मिळाले असते, हे कोणी विचारले नाही.

वास्कोतील बायणा आणि मांगोर हिल या भागांतल्या मुलांना मी अनेक वर्षे शिकवले. एकाच खोलीत चार-पाच माणसे, एक शेगडी, आई तीन घरांची धुणीभांडी आटोपून रात्री परतणारी, वडील कधी दुसऱ्या पाळीला तर कधी कामाच्या शोधात. अशा घरातला चौदा वर्षांचा मुलगा संध्याकाळी पाव, चिप्स किंवा मंचुरियन खातो, तो हट्टी किंवा जिभेचा लाडावलेला असतो म्हणून नव्हे. घरात तांदळाचा डबा भरलेला असतो, पण भात शिजवायला त्याला कोणी शिकवलेले नसते.

माध्यान्ह आहार योजनेत सहावी ते आठवीच्या मुलाला रोज 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ आणि 75 ग्रॅम भाजी मिळावी असा निकष आहे. प्रत्यक्षात ताटात काय पडते यावर मतभेद असतील, पण निदान हक्क तरी आहे. नववीत पाऊल ठेवताच तोही संपतो. नेमक्या याच वयात उंची वाढते, मुलींना पाळी सुरू झालेली असते, रक्तासाठी लोहाची गरज वाढते आणि त्याच वेळी हातात थोडे सुटे पैसे येऊ लागतात.

शाळेत आहारावर धडे असतात; जीवनसत्त्वांची नावे मुले पाठही करतात. तरीही तांबड्या भाजीतले (लाल माठातले) लोह अंगी लागावे म्हणून वर लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही, हे माझ्या वर्गात एकालाही ठाऊक नव्हते. एका सुटीत शेजारच्या सहा मुलांना मी माझ्या स्वयंपाकघरात बोलावले. पहिल्या दिवशी मूग भिजत घातले, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधले, तिसऱ्या दिवशी मोड आलेले पाहून त्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो. एका प्लेट मंचुरियनच्या पैशांत पाव किलो मूग येतात आणि त्यात घरातल्या सगळ्यांपुरते तोंडीलावणे होते, हा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला. पुढे उकड्या तांदळाची पेज, अळसांद्यांचे (चवळीचे) तोणाक म्हणजे रस्साभाजी, नाचणीचे आंबील आणि बांगडा साफ करून तव्यावर थोड्या तेलात भाजणे, एवढे ती मुले शिकली. कुकरची शिटी आणि रबर तपासणे, काम झाल्यावर गॅस रेग्युलेटरपाशी बंद करणे, हे मी रोज करवून घेतले. लहानशा खोलीत स्वयंपाक करायचा तर ते पाककृतीइतकेच महत्त्वाचे आहे.

म्हणून माझी शिक्षण खात्याला विनंती आहे की नववी-दहावीत, निदान शहरांतील शाळांमध्ये, आठवड्यातून एक तासिका प्रत्यक्ष स्वयंपाकाला द्यावी. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्याची तरतूद आहे. सुरुवात तिथूनही करता येईल. शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणण्याची गरज नाही. शाळांना आहार पुरवणाऱ्या स्वयंसाहाय्य गटांतील महिलांना मोठ्या प्रमाणावर, कमी खर्चात, वेळेत रांधण्याचा अनुभव आहे. त्यांना शिक्षिका म्हणून बोलवावे आणि वेगळे मानधन द्यावे. शिकवायचे पदार्थ एका शेगडीवर, एका कुकरमध्ये होणारे असावेत, कारण मुलांच्या घरी ओव्हन किंवा मिक्सर असेलच असे नाही. मासेमारीबंदीच्या जून-जुलैत मासळी महागते, तेव्हा कुळीथ, मूग, वाटाणे यांवर भर द्यावा.

हा तास मुलगे आणि मुली दोघांसाठी सक्तीचा असावा, याबाबत मात्र तडजोड नको. माझ्याकडे आलेल्या सहांपैकी चार मुलगे होते. त्यांतल्या एकाची आई रात्री नऊला घरी येते; आता ती येण्याआधी तो भात आणि डाळ करून ठेवतो आणि धाकट्या बहिणीला वेळेवर जेवू घालतो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, वास्को