मंग्यास, रंग्याबद्दल

इंदूर, २३ नोव्हेंबर २०२५
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मंग्या,

शिव्या आधी देऊन घे. सात महिने ना फोन ना काही, तुझं गॉलब्लॅडर काढलं ते मला तुझ्या मेव्हण्याच्या स्टेटसवरून कळलं आणि त्यावरही मी हात जोडलेला इमोजी टाकून मोकळा झालो. कबूल. इकडे सगळं ठीक, बाबांची शुगर तशीच, आईचा गुडघा तसाच, माझं पित्तही तसंच. पुढे.

रंग्या गेला.

फोनवरच सांगणार होतो, तीनदा तुझा नंबर काढला. पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस आणि मग मी मुद्दा सोडून तुझ्याशी भांडत बसतो. शिवाय तो गेला एवढंच सांगायचं नाहीये. तो गेला ९ तारखेला पहाटे साडेचारला, आणि ९ ला चिऊचा वाढदिवस. सातवा.

किडनी. उन्हाळ्यापासून पाणी फार प्यायचा, आई म्हणायची गरमी आहे, मी म्हणायचो म्हातारा झालाय, घरात कुठेही करायला लागला तर आम्ही त्यालाच रागवायचो. दिवाळीच्या आसपास खाणं सोडलं, तोंडाला कसलातरी विचित्र वास यायला लागला, तेव्हा रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ७.८. दीडेकच्या आसपास असायला पाहिजे म्हणे. डॉक्टर म्हणाले किडनीचा पाऊण हिस्सा कामातून जाईपर्यंत या रिपोर्टात काही दिसतच नाही, तरी आधी आणलं असतं तर... आणि गप्प बसले. हे लोक असं वाक्य अर्धं का सोडतात रे? पूर्ण तरी करा नाहीतर सुरूच करू नका. मग रोज सलाईन, त्याच्या पायावरचे केस काढून ती सुई, आणि हा गाढव सुई लावणाऱ्याचाच हात चाटायचा. शेवटी महूच्या व्हेटरनरी कॉलेजला नेलं, चिऊ पण आली होती सोबत, हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल. तिथल्या सरांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, घरी न्या आणि जे खाईल ते द्या.

गेला तो वॉशिंग मशीनच्या बाजूला, त्याच्या पोत्यावर, बाबांच्या चपलेवर डोकं ठेवून. ते तर तो रोजच ठेवायचा, त्यामुळे मला पाच मिनिटं कळलंच नाही.

बाबा काही बोलले नाहीत. कुदळ घेतली आणि मागे गेले, टाकीपलीकडे, तुझी ती चोरीची (हो, चोरीचीच) सायकल लपवायचो ना तिथे. आपली काळी माती तुला माहीत आहे, वरून कडक आणि आत चिकट, कुदळ रुतली की निघत नाही. दोघांनी तासभर खणलं तेव्हा कुठे तीन-साडेतीन फूट झालं. मी म्हटलं मीठ लागेल ना, आता पहाटे दुकान कुठे उघडं असणार? तर बाबा जिन्याखालून पाच किलो खड्याचं मीठ घेऊन आले. चार दिवस आधीच आणून ठेवलं होतं रे त्यांनी. कुणाला न सांगता. मी घरात सगळ्यांना सांगत फिरत होतो की सुधारतोय, आज दोन घास खाल्ले, आणि हा माणूस तिकडे किराणा दुकानात जाऊन मीठ घेऊन आला होता.

आम्ही माती लोटत होतो आणि बाहेर कचरागाडी तेच गाणं वाजवत आली. स्वच्छतेत आठव्यांदा पहिला नंबर आला म्हणून आता तर आवाज अजूनच मोठा केलाय. चिऊ त्या गाण्यानेच उठते.

आत आलो तर आई ओवाळायचं ताट घेऊन उभी आणि विचारते काय, कुत्र्याचं सुतक असतं का रे? मी, तुझी वहिनी, आई, तिघं स्वयंपाकघरात कुजबुजतोय, सुतक आहे की नाही, असलं तर किती दिवसांचं. बाबा म्हणाले अंघोळी करा आणि ओवाळा पोरीला. केलं औक्षण. मी तिला कुंकू लावलं तेव्हा माझ्या नखांत काळी माती तशीच होती, चार वेळा साबण लावूनही. ती माझ्या बोटाकडे बघत होती. म्हणाली, रंग्या कुठे आहे?

मी म्हटलं महूला. रात्रीच नेलं. अ‍ॅडमिट केलंय.

आधीपासून काही ठरलं नव्हतं रे, आईशप्पथ. तोंडातून निघून गेलं. वाटलं संध्याकाळपर्यंतचा प्रश्न आहे, सतरा पोरं येणार, त्यांच्या आयांच्या ग्रुपवर लोकेशन टाकून झालंय, खोपरा पॅटीसची ऑर्डर गेलीय, एक दिवस तिचा आनंदात जाऊ दे, उद्या सांगू.

आणि केक. केकवर कोणाचा फोटो सांग. आठ दिवसांपूर्वी हट्ट करून तिने रंग्याचाच फोटो निवडला होता, तो होळीचा, एक कान हिरवा असलेला. सतरा पोरं टाळ्या वाजवतायत आणि ही सुरी घेऊन उभी, तोंड कापायचं नाही म्हणते, कडेकडेने कापला, तोंडाचा तुकडा डब्यात काढून ठेवला, तो महूहून आला की त्याला द्यायला. अजून फ्रीझरमध्ये आहे. कान मला आला, मंग्या. खाल्ला मी. काय करणार होतो.

तुला तो फोटो बघून २०१२ आठवलं असतं. गोराकुंडाला रंगपंचमीची गेर, ती रंगांची मिरवणूक, चालली होती, टँकर, गुलाल, पाण्याचे फवारे, आणि तू कोणाच्यातरी पायांतून काहीतरी ओढून काढलंस आणि शर्टात घातलंस, मला वाटलं कोणाचा मोबाईल मारला. पिल्लू. गुलाबी आणि हिरवं. तीन दिवस धुतलं तेव्हा कळलं की खाली पांढरं आहे. टायसन ठेव म्हणून तू रुसला होतास आणि आईने रंग्या ठेवलं, आणि मग मंग्या-रंग्या, एका हाकेत दोघं, तू म्हणायचास माझा अपमान करायला मुद्दाम ठेवलंय. तसंच होतं, आता सांगायला हरकत नाही. आणि जूनमध्ये नोकरी लागली म्हणून पुण्याला पळालास आणि मला म्हणालास "अपना कुत्ता है भिया, मी फक्त ठेवायला देतोय." तेरा वर्षं ठेवायला दिलास लेका. एक बोरी तांदूळ पाठवला नाहीस.

असो. त्या संध्याकाळी केक झाल्यावर पोरं मागच्या अंगणात पळाली आणि त्यांना ती मऊ जागा सापडली. एकाने उडी मारली, पाय रुतला, मजा वाटली, मग सगळी लाईन लावून उड्या मारायला लागली, "अंकल, ये तो ट्रॅम्पोलिन है!" चिऊ पण. सगळ्यात उंच तीच मारत होती, वाढदिवस तिचा. बाबा खुर्ची उचलून घरात गेले. मी ओरडलो, अरे उतरा तिथून, झाड लावायचंय! कोणतं झाड? म्हटलं आंब्याचं.

मग लावावंच लागलं ना.

नर्सरीवाला म्हणाला, "भिया, अभी मत लगाओ, पाला खा जाएगा, बारिश में ले जाना." म्हणजे थंडीत गारठून जळेल. तरी आणलं. आम्रपाली, दशहरी आणि नीलमचा संकर करून काढलेली जात, झाड बुटकं राहतं म्हणून घरच्या अंगणाला चालतं. आता चिऊ रोज शाळेतून आली की तिच्या बाटलीत उरलेलं पाणी त्याला घालते. मला सांगते, रंग्याला हे आपण सरप्राईज देऊ, पण त्याला इथे सू करू द्यायची नाही हं बाबा. आणि मंग्या, परवापासून पानांची टोकं करपायला लागलीत. खाली पाच किलो मीठ आहे! आंब्याला खारट माती सोसत नाही हे मला आता कळतंय. नर्सरीवाल्याला फोटो पाठवला तर तो विचारतो मिट्टी में क्या डाला है. काय सांगू? ती बिचारी अजून पाणी घालते, टोकं तपकिरी दिसली की दुसरी बाटली आणते. उपटून कुंडीत लावू म्हटलं तर ती विचारणार का, आणि राहू दिलं तर मरणार, आणि मग ते पण मी महूला अ‍ॅडमिट करू का?

तुझी वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचं म्हणणं तू खोटं बोललास ते बोललास, मला का मान हलवायला लावतोस रोज. बरोबर आहे तिचं. आई म्हणते पोर आहे, विसरेल, दुसरं पिल्लू आणा. बाबांना विचारलं तर म्हणाले तू ठरव, आणि पेपर वर केला. एकदा चिऊला घेऊन बसलो होतो सांगायला, अगदी सुरुवात केली, बेटा रंग्या खूप म्हातारा झाला होता ना, तर ती म्हणाली होता नाही, आहे. व्याकरण सुधारलं माझं.

आता मुद्दा. हे सगळं तुला का लिहितोय.

गेल्या मंगळवारी रात्री झोपताना तिने विचारलं, रंग्याने आज काय खाल्लं? आणि मी एका सेकंदात म्हणालो, दहीभात. ती म्हणाली साखर घातली होती का, साखरेशिवाय तो खात नाही. मी म्हटलं, हो, मी डॉक्टरांना सांगितलंय ना. ती झोपली. आणि मी तिथेच बसून राहिलो अंधारात, कारण मला माझाच आवाज ओळखू आला. २००३ चा.

तुला आठवत नसेल असं मी म्हणणार नाही. बारावीचे पेपर, तुझी आजी गेली, तुझ्या काकांनी येऊन आमच्या आई-बाबांना सांगितलं, तीन पेपर राहिलेत, पोराचं वर्ष जाईल, आजीला दवाखान्यात ठेवलंय सांगा आणि इथेच राहू द्या. मला वेगळं बोलावून शपथ घातली. मी सतरा वर्षांचा. पाळली. तू रोज विचारायचास आणि मी रोज काहीतरी द्यायचो. वर्ल्डकपची फायनल आपण आमच्याकडे बघितली, २३ मार्च, सचिन ४ वर आऊट झाला आणि तू म्हणालास आजीला कळू देऊ नका रे, बीपी वाढेल तिचं. आई उठून आत गेली. मी म्हटलं, वॉर्डात टीव्ही नाहीये. म्हणजे बघ, केवढी सोय केली मी. आणि एकदा म्हणालो आज पेज प्यायली थोडी.

नंतर तू जे बोललास ते मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं. लपवलंस ते लपवलंस, तुला सांगितलं होतं मोठ्यांनी, पण पेज कुठून आणलीस?

तेव्हा मला वाटायचं तू उगाच ताणतोयस. एक पेज काय. तुला बरं वाटावं म्हणून म्हणालो होतो. यावरून आपण किती भांडलो, २००९ ला तुझ्या लग्नात पण तू तो विषय काढलास, हळद लागलेल्या अंगाने. मी चिडलो होतो. आत्ता त्या अंधारात कळलं तू कशाबद्दल बोलत होतास. अ‍ॅडमिट केलंय हे एक झालं, पण दहीभातात साखर मी घातली रे. ती मला कोणी घालायला सांगितली नव्हती.

तर एक विचारायचं आहे, जे मी २२ वर्षांत विचारलं नाही. शेवटच्या पेपरला काका तुला सेंटरवर घ्यायला आले, तू स्कूटरवर मागे बसलास, मला हात केलास, म्हणालास संध्याकाळी येतो. त्यानंतर जून उजाडेपर्यंत तू बोलला नाहीस. स्कूटरवर काय सांगितलं त्यांनी? वाटेत सांगितलं की घरी? एकदम सांगितलं की आधी तब्येत बिघडली आहे वगैरे? तुला काय ऐकायला हवं होतं, आणि कोणाकडून? माझ्याकडून ऐकलं असतंस तर ते दोन-अडीच महिने कमी झाले असते की वाढले असते? तुला लिहायला कंटाळा असेल तर दोन ओळी लिही, पण खरं लिही, मला बरं वाटावं म्हणून नको. तुझ्याकडून आलं की सांगतो तिला. तोपर्यंत सांगू शकत नाही असं नाही, पण एकदा चुकीचं केलंय, परत चुकीचं नको.

तू कसा आहेस? टाके सुकले का, तेलकट खाऊ देतात का? फ्लॅटचं पझेशन मिळालं की अजून बिल्डर दसरा-पाडवाच करतोय? चिरंजीवांची दहावी ना यंदा, त्याच्या मागे लागू नकोस फार, तुला किती पडले होते मला माहीत आहेत. वहिनींना नमस्कार. नाताळात येणार होतात त्याचं काय झालं, या.

तुझा,
बाळ्या

ता. क. लौंगवाली शेव उद्या कुरिअर करतो, पथ्य असेल तर वहिनींना दे, तुला वास चालेल. आणि हो, फोन केलास तर संध्याकाळी माझा फोन हल्ली चिऊच उचलते. तिने तुला रंग्याचं काही सांगितलं, किंवा विचारलं, तर काही बोलू नकोस. म्हणजे खोटं पण बोलू नकोस. बाबांना दे म्हण.