ई-20, गवताची मशीन आणि रबाळ्यात हवा असलेला चाचणी बेंच

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

महोदय,

पंपावर आता बहुतेक ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोलच मिळतं. गाड्यांबद्दल बरीच ओरड झाली. नेरूळ-खारघरच्या सोसायट्यांत आणि पालिकेच्या बागांत गवत कापणाऱ्या मशीनचा मात्र विषयच निघत नाही. त्यांच्या 160 सीसीच्या आसपासच्या इंजिनांना ना सेन्सर, ना संगणक. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे बारीक भोकाची पितळी तोटी, सोडेल तेवढंच पेट्रोल आत जातं.

एक किलो साध्या पेट्रोलला 14.7 किलो हवा लागते, ई-20 ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन आठ-नऊ टक्के जास्त हवं. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून 0.70 मिमीच्या जागी 0.73 चा जेट पुरतो. जुनंच भोक हाताने कोरलं तर ते लंबगोल होतं. तयार जेटच टाकावा. जेट न बदलता तसंच चालवलं तर इंजिन हंटिंग करतं (फेऱ्या सारख्या वर-खाली होतात), प्लग पांढरा पडतो, शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. जेट फार मोठा झाला की प्लग काळा आणि पेट्रोल ऑइलमध्ये. पाइप आणि ओ-रिंग व्हायटॉनच्या, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या, घ्याव्यात. खाडीकाठच्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढतं, ते फ्लोट बाउलच्या (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाशी बसून जेट बुजवतं. काम संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं.

हे काम लेथ आणि दोन हातांवर उभं राहणारा चांगला धंदा आहे. पण गिऱ्हाईक मागतं भलतंच: "गव्हर्नरची स्प्रिंग ताणून द्या, लवकर उरकेल." गव्हर्नर म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या आवरणारा भाग. मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या 3600 केल्या की पात्यावरचा ताण 1.44 पट होतो, 21 इंची पात्याचं टोक सेकंदाला 84 ऐवजी 100 मीटर धावतं. त्या वेगाने उडालेला खडा माळ्याच्या नडगीवरच बसतो. स्प्रिंग ताणणारा स्वस्त पडतो, म्हणून कंत्राट त्यालाच.

दोनच मागण्या. रबाळे एमआयडीसीत लहान डायनॅमोमीटर (इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र) आणि धूर तपासणारं यंत्र असलेलं सामाईक केंद्र. केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास योजनेत ते बसतं, प्रस्ताव आपल्या खात्याने पुढे न्यावा. आणि बागांच्या निविदेत एक ओळ: मशीन ताब्यात घेताना टॅकोमीटर (फेऱ्या मोजणारं यंत्र) लावून फेऱ्या नोंदवाव्यात. टॅकोमीटर हजार-दोन हजारांत येतो.

आपले,
ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान इंजिनांचे कारागीर